तानाआत्तीची तहकूब सभा

माझ्या आत्तीला, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीला, एक कागदी शब्द फार आवडतो. तहकूब. चहा उतू गेला की चहा तहकूब. पावसानं ओढ दिली की रोपलावण तहकूब. माझं लग्न जमता जमता फिसकटलं तेव्हा सगळी भावकी हळहळायला आली होती. आत्तीनं एवढंच विचारलं, "रद्द झालंय का तहकूब हाय?" मी म्हटलं, रद्द. "मग सुटलीस. तहकुबीत अडाकलेलं माणूस ना घरचं ना दारचं," असं म्हणून ती म्हशीला पाणी दाखवायला गेली.

शब्दकोशात या शब्दाचा अर्थ पुढे ढकललेले, काही काळ थांबवलेले, असा साधा सरळ दिला आहे. शब्दकोश लिहिणाऱ्यांनी आमच्याकडच्या दूध संस्थेची वार्षिक सभा बघितलेली नसणार. आमच्याकडे 'नाही' म्हणणं महागात पडतं. नाही म्हटलं की म्हणणाऱ्याचं तोंड दिसतं, तोंड दिसलं की पुढच्या निवडणुकीत ते लक्षात राहतं. म्हणून आमची मोठी माणसं नाही म्हणत नाहीत. ती तहकूब म्हणतात. काम मेलेलं असतं, पण मयताला जायची कुणाला सोय नसते.

आत्तीचं नाव तानाबाई. वाडीतल्या बायका तिला तानाक्का म्हणतात. गाव राधानगरीच्या बाजूला, आणि गावापासून वर, ओढ्याच्या पलीकडे, तिची वरची वाडी. लहानपणी तिचं नाव शाळेतनं काढलं ते पुढच्या साली परत घालू म्हणून. ते पुढचं साल अजून यायचं आहे. लग्न होऊन ती वाडीत आली तेव्हा सासऱ्यानं सांगितलं होतं, औंदा गवताचं छप्पर आहे, पुढच्या वर्षी कौलं घालतो. कौलं घातली ती आत्तीनंच, सासरा जाऊनही बरीच वर्षं झाल्यावर, दुधाच्या पैशातनं. तिच्या वाट्याला जे जे आलं ते ती अशी मागे लागून, ओढून घेऊन आली. तहकूब हा शब्द मात्र तिला आयता मिळाला. तिचे मालक गणपतराव, आमच्याकडे आत्तीच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, दर सभेवरून घरी यायचे ते हाच शब्द घेऊन. "केंद्राचं काय झालं?" "तहकूब." मामा गेले, संस्थेचा शेअर आत्तीच्या नावावर झाला, आणि मग ती स्वतःच सभेला जाऊन तो शब्द घेऊन येऊ लागली.

केंद्र म्हणजे दूध संकलन केंद्र. मागणी साधी होती. संस्थेची डेअरी खाली गावात. वाडीच्या बायकांनी सकाळ-संध्याकाळ दुधाच्या किटल्या डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायचा, लोखंडी पत्र्याच्या अरुंद साकवावरून. आषाढात पाणी साकवावरून वाहतं. मग दूध घरात नासतं नाहीतर बाई ओढ्यात पडते. संस्थेनं एक वजनकाटा आणि एक फॅट मशीन वाडीत पाठवलं असतं तर हे संपलं असतं. टेम्पो जाण्यासारखा रस्ता लांबून का होईना, पण आहे. अडचण एवढीच होती की वाडीनं एका निवडणुकीत चेअरमन हंबीररावांच्या पॅनेलला मतं दिली नव्हती. आता कुणी म्हणेल, दुसऱ्या संस्थेला दूध घाला. गावात दुसरी संस्था आहे, तिचा चेअरमन हंबीररावांचा मेहुणा आहे.

यंदाच्या पावसात आत्ती साकवावर घसरली. किटली वाहून गेली, गुडघा भोपळ्याएवढा झाला. तिचा मुलगा विजयसिंह, माझा आतेभाऊ, उचगावात राहतो, वर्कशॉपमध्ये नोकरी करतो. माणूस वाईट नाही. आईनं आपल्याकडे येऊन राहावं म्हणून तो वर्षानुवर्षं मागे लागला आहे, आणि आत्ती वर्षानुवर्षं त्याला सांगत आली आहे, पाऊस उघडू दे, दिवाळी होऊ दे, कमळी वेऊ दे. कमळी म्हणजे तिची म्हैस. या वेळी विजयदादानं ऐकलं नाही. त्यानं कमळीला परस्पर गिऱ्हाईक ठरवलं. रविवारी येऊन म्हैस घेऊन जाणार, आणि मागोमाग आत्तीनं उचगावला, तिसऱ्या मजल्यावर.

आत्ती फोनवर त्याला म्हणाली, "वाडीत केंद्र झालं तर मी कशाला पडतो?"

(आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. कुणाला हसायचं असेल तर त्यानं घाटाखाली जाऊन हसावं.)

विजयदादा चिडून म्हणाला, "मग करून दाखव केंद्र. सभेत ह्या शुक्रवारी ठराव करून आन, मी म्हशीचं नाव काढणार न्हाय."

त्याला वाटलं असणार, हे काही होत नाही. मलाही तसंच वाटलं. मी कोल्हापुरात चष्म्याच्या दुकानात काम करते. विजयदादानं मला तीन दिवस सुट्टी काढायला लावली आणि आत्तीचं सामान बांधायला वाडीत पाठवलं. मी गुरुवारी पोचले तेव्हा आत्ती अंगणात बसून गुडघ्याला तेल चोळत होती.

"कपडे कुठले कुठले घ्यायचे?" मी विचारलं.

"सभेला जायचं एक चांगलं लुगडं काढ. बाकीचं सभेनंतर," ती म्हणाली.

आता आमची सभा कशी चालते ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सभा मारुतीच्या देवळाच्या मंडपात सकाळी भरते, म्हणजे भरते असं नोटिशीत म्हणतात. जेवण शाळेच्या पटांगणात असतं. सभासदांच्या सह्याही जेवणाच्या दारातच घेतात, कारण सही केली की पत्रावळ आणि स्टीलचा डबा मिळतो. मग मंडपात कोण कशाला येईल? मंडपात चेअरमन, चार संचालक आणि सचिव. चेअरमन माईकवर म्हणतात, गणसंख्या पूर्ण नाही, सभा तहकूब करण्यात येत आहे. अहवालाच्या मागच्या पानावर छापलेलंच असतं की सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी घेण्यात येईल आणि तिला गणसंख्येचं बंधन राहणार नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण ती अर्ध्या तासानंतरची सभा कुणी कधी बघितलेली नाही. त्या वेळेला सगळे जिलबीवर असतात. सचिव जोतीराम संध्याकाळी घरी बसून ती लिहून काढतो. तहकूब सभा झाली, सर्व विषय एकमतानं मंजूर, आभार मानून संपली. वर्षातून एकदा सबंध संस्था अशी जोतीरामच्या ओटीवर चालते.

आत्ती दरवर्षी चेअरमनना जेवणाच्या दारात गाठायची आणि केंद्राचं विचारायची. ते हसून म्हणायचे, "तानाक्का, तुमचा इषय घेतला की. तहकूब ठिवलाय." एवढं ऐकून घ्यायचं आणि ओढा ओलांडून घरी यायचं.

शुक्रवारी आत्ती तशी गेली नाही. आदल्या संध्याकाळी तिनं वाडीतल्या घरोघरी निरोप फिरवला होता, की ज्या बाईच्या नावावर शेअर आहे तिनं आधी मंडपात यायचं, पत्रावळीवर नाही. वाडीतले पुरुष निम्मे नोकरीला बाहेर, त्यामुळे शेअर बायकांच्याच नावावर. तरी मला वाटलं होतं, चारजणी येतील. सकाळी साकवावर रांग लागली. आत्ती पुढे, एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर.

मंडपात इतक्या बायका बघून हंबीरराव चपापले. पण मुरलेला गडी. त्यांनी बाजूच्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि शाळेच्या बाजूनं मंडपाकडे येणारे दोन-चार सभासद रस्त्यातूनच मागे वळले. पंगत लवकर बसवली होती. मसालेभाताचा वास मंडपात आला. वाडीच्या बायका कितीही झाल्या तरी त्यांच्या एकट्यांच्या बळावर गणसंख्या भरणार नव्हती, हे चेअरमनना पक्कं ठाऊक होतं.

"गणसंख्येअभावी," हंबीरराव माईकवर म्हणाले, "सभा तहकूब करणेत येत आहे. बायकास्नी इनंती, जेवून घ्यावं. जिलबी गरम हाय."

आत्ती उठून उभी राहिली. "केंद्राचं बोलायचं हाय, चेअरमन."

"तानाक्का, सभाच तहकूब झालीया. आता कुठला इषय आन कुठलं काय. चला, जेवाय चला."

ते गेले. मागे संचालक गेले. जाताना एकजण खो खो हसला. मी मंडपाच्या पायरीवर बसले होते, सभासद नसल्यामुळे आत बसायचा मला हक्क नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या बायका कामं टाकून, पाण्यातनं आल्या, आणि त्यांना जिलबीचं आमिष दाखवून हा माणूस पाठ फिरवून जातो. मी आत्तीला म्हटलं, चल घरी, या लोकांच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

आत्ती खाली बसली. मांडी घालता येत नव्हती, म्हणून पाय लांब करून बसली. "थांब की. कुठं जातीस?"

जोतीराम माईकची वायर गुंडाळायला लागला होता. आत्ती त्याला म्हणाली, "जोतीराम, माईक ऱ्हाऊ दे."

"अवं तानाक्का, सभा तहकूब झालीया न्हवं."

"व्हय की. म्हणून तर बसलोय. अर्ध्या तासानं हितंच सभा हाय. तूच छापतोस."

जोतीरामनं आधी तिच्याकडे बघितलं, मग मागे भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग शाळेच्या दिशेला. मग त्यानं वायर सोडून दिली आणि खुर्चीत बसून राहिला. त्याच्या तोंडावर भीती होती आणि तिच्या जोडीला आणखी काहीतरी होतं, मला त्या वेळी ते ओळखू आलं नाही.

अर्धा तास म्हणजे काय चीज असते ते मला त्या दिवशी कळलं. पहिली दहा मिनिटं बायका कुजबुजत, हसत होत्या. मग पंगतीतला वाढप्यांचा आरडाओरडा ऐकू यायला लागला आणि एकेकीला पोटाची आठवण झाली. मग घरची माणसं यायला लागली. कुणाचा दीर, कुणाचा नवरा. "काय तमाशा लावलाय", "लोकं हसाय लागल्यात", "पोरगं रडाय लागलंय". दोघी-तिघी उठल्या आणि खाली मान घालून गेल्या. आत्तीनं त्यांना अडवलं नाही. अडवलं असतं तर आणखी चारजणी उठल्या असत्या.

मग आण्णा आले. आण्णा संस्थेचे संचालक, वाडीचे असूनही हंबीररावांचा उजवा हात, आणि वाडीतल्या क्रांतीचे सासरे. क्रांती पंचविशीची असेल नसेल, आत्तीच्या अगदी शेजारी बसली होती. तिच्या नवऱ्यानं मागच्या वर्षी शेअर तिच्या नावावर केला होता, कारण संस्थेत महिला सभासदांची संख्या वाढवा असं वरून आलं होतं. संख्या वाढवली म्हणजे त्या येऊन बसतील, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"क्रांते, ऊठ," आण्णा मंडपाच्या दारातून म्हणाले. "पंगत थांबलीया."

क्रांती आत्तीकडे बघायला लागली. आत्ती समोर बघत होती. मला वाटलं, ही पोरगी उठली की संपलं, तिच्यामागे सगळ्या उठणार, आणि परवा कमळी जाणार.

"मामा," क्रांती म्हणाली. "तुमी जेवा. मी सभासद हाय. माझी सभा व्हायची हाय अजून."

आण्णांनी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. घरी गेल्यावर त्या पोरीचं काय होणार याची मला काळजी वाटली, ती अजून वाटते. पण आण्णा इतक्या बायकांसमोर हात धरून तिला ओढू शकत नव्हते. ते पाय आपटत गेले. त्यानंतर एकही बाई उठली नाही.

वेळ झाली. जोतीरामनं घसा खाकरला आणि पुटपुटला, "अर्धा तास झाला."

"मग चालू कर की," आत्ती म्हणाली.

"अध्यक्ष न्हाईत."

"हजर असलेल्यांतनं करायचा असतोय. तुमच्या नियमातबी तसंच लिवलंय."

मग क्रांतीनंच, गावच्या कार्यक्रमांत माईकवरून ऐकून पाठ झालेल्या भाषेत, शब्द अडखळत मांडले. आजच्या तहकूब सभेचं अध्यक्षस्थान तानाबाईंनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडतो. मागून दोघी-तिघी एकदमच म्हणाल्या, अनुमोदन. आणि मग सगळ्याजणी हसायला लागल्या. आत्ती नाही हसली. ती काठी टेकत वर गेली. चेअरमनच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकलेला होता. तिनं तो उचलला, घडी केली, जोतीरामच्या हातात दिला आणि खुर्चीत बसली.

तिला माईकवर बोलायची सवय नव्हती. पहिल्यांदा फक्त तिचा श्वास ऐकू आला. मग ती बोलली.

"मला भाषण येत न्हाय. ओढ्यात मी यंदा पडलो, त्याच्या आधी शांताबाई पडली, त्याच्या आधी क्रांतीची सासू पडली. दूध आमचं, किटली आमची, गुडघाबी आमचाच. लई वरसं आमी इचारतोय आन लई वरसं आमास्नी सांगत्यात, तहकूब हाय. तहकूब म्हंजे थांबलेलं. थांबलेल्याला कवातरी उठवाय लागतंय. आज उठवलंय. वाडीत सकाळ-संध्याकाळ दूध घेयाचं, उद्यापास्नं. हाय का कुनाचं काय म्हणणं?"

म्हणणं कुणाचंच नव्हतं.

"मंजूर?" आत्तीनं विचारलं.

"मंजूर," बायका म्हणाल्या.

"मोठ्यानं म्हणा की. ग्रामसभेत गडी वरडत्यात, तसं."

"मंजूर, मंजूर, मंजूर."

गोष्ट अशी झाली की माईक चालू होता आणि कर्ण्याचं तोंड शाळेकडे होतं. जेवणाच्या दारात लोकांना भेटवस्तूच्या सूचना ऐकू जाव्यात म्हणून तो हंबीररावांनीच तिकडे फिरवायला लावला होता. सगळी पंगत आत्तीचं बोलणं ऐकत जेवत होती. तिसऱ्या मंजूरला हंबीरराव पत्रावळीवरून उठले. मंडपात आले तेव्हा त्यांचा हात खरकटा होता.

"ही कसली सभा?"

"तहकूब सभा," आत्ती खुर्चीतूनच म्हणाली.

"अध्यक्ष मी हाय."

"तुमी जेवाय गेलतासा."

"गणसंख्या कुठाय?"

"हिला लागत न्हाय."

हंबीररावांनी खरकटा हात जोतीरामकडे केला. "जोतीराम, एक अक्षर लिवायचं न्हाय. सांगून ठिवतो."

जोतीराम उभा राहिला. पगारी माणूस, दोन लेकरं शिकणारी. त्यानं वही मिटून छातीशी धरली. "लिवून झालंय, चेअरमन," तो म्हणाला. "इतकी वरसं न झालेली सभा लिवतोय. ही झालीया."

मंडपाबाहेर आता माणसं जमली होती, पत्रावळी हातात घेऊन. त्यातलं कुणीतरी फिस्सकन हसलं. हसण्याची ती बाजू बदललेली मी ऐकली आणि मला असा आनंद झाला की मी उठून उभीच राहिले. हंबीररावांनाही ती कळली असणार. त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "बरं, बरं. तानाक्का, तुमच्या भावना पोचल्या. आता हे मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठेवू, काय ते बघू."

"ठेवा," आत्ती म्हणाली. "तंवर आमी दूधबी वाडीतच ठेवतो."

ती खुर्चीतनं उठली, तिनं काठी घेतली आणि मंडपातनं सरळ बाहेर पडली. बायका मागोमाग. एकीनंही जेवणाकडे वळून बघितलं नाही, मी मात्र बघितलं, कारण मला भूक लागली होती.

रात्रभर वाडीत कुरबुर चालली असणार. क्रांतीच्या घरातून मोठमोठ्यानं बोलल्याचा आवाज आला आणि मग बंद झाला. आत्ती कमळीच्या गोठ्यात जाऊन बसली होती. मी म्हटलं, "आत्ती, उद्या कुणी आलं नाही तर? एवढ्या बायकांचं दूध नासलं तर तुलाच बोल लावतील."

"लावू देत की," ती म्हणाली. पण कमळीच्या पाठीवरचा तिचा हात थांबला होता. घाबरलेली होती ती. तिला मी तशी कधी बघितली नव्हती.

सकाळी धारा काढून बायका किटल्या घेऊन वाडीतल्या पारावर येऊन बसल्या. ओढ्याकडे कुणी गेलं नाही. क्रांती आली, डोळे सुजलेले, पण आली. तिच्यामागे तिची सासू, साकवावर पडलेली तीच, किटली घेऊन. खाली गावात डेअरीवर टेम्पो उभा असल्याचं वरून दिसत होतं. वाडीचं दूध म्हशीचं, दाट. त्याच्याशिवाय टेम्पो भरत नाही आणि फॅट लागत नाही, हे हंबीररावांइतकं कुणाला माहीत नसेल. ऊन वर यायला लागलं. एकीनं किटलीचं झाकण उघडून वास घेतला. दुसरीचा नवरा येऊन म्हणाला, अजून वेळ गेलेली नाही, मी गाडीवरून खाली घालून येतो. ती म्हणाली, न्हाय.

मग टेम्पो हलला. पण दूध नेऊन घालतात त्या जिल्हा दूध संघाच्या रस्त्याला न लागता तो लांबच्या रस्त्यानं वाडीकडे वळला. तो वर येईपर्यंत बायका रस्त्याकडे बघत बसल्या होत्या.

टेम्पोतनं जोतीराम उतरला, काटा आणि मशीन घेऊन. पुढच्या सीटवर आण्णा होते. ते खाली न उतरताच म्हणाले, "चेअरमननी सांगितलंय, हे तात्पुरतं हाय."

"तात्पुरतं तर तात्पुरतं," आत्ती म्हणाली. "सांजच्याला किती वाजता येणार तेवढं सांगा."

आण्णांनी काच वर केली. जोतीराम पारावर काटा मांडत मांडत म्हणाला, "सहाला येतो, तानाक्का."

बायका आत्तीला पुढे करत होत्या, तुमचं आधी, तुमचं आधी. तिनं क्रांतीची किटली आधी लावली. मग तिच्या सासूची. आत्तीचं दूध शेवटी गेलं. मी किटली विसळायला नेत होते तेवढ्यात माझा फोन वाजला. विजयदादा.

"वर्षा, बांधाबांध झाली का? गिऱ्हाईक उद्या सकाळीच येतंय म्हणालं."

मी फोन आत्तीला दिला. स्पीकर चालू होता, तो बंद करायचं तिलाही सुचलं नाही, मलाही नाही. आत्तीनं त्याला काय झालं ते सांगितलं. ठराव झाला, टेम्पो आला, दूध घातलं. आण्णा तात्पुरतं म्हणाले तेही सांगितलं, लपवलं नाही.

"बघ," विजयदादा म्हणाला. "तात्पुरतं म्हणजे चार दिवस. परत पाऊस लागला, परत बंद केलं, परत तू ओढ्यात. आई, माझं ऐक. गिऱ्हाइकाला मी दिवाळीपर्यंत थांबवतो. दिवाळी झाल्यावर तू ये."

त्यानं तिला तिचंच उत्तर दिलं होतं. इतकी वर्षं तीच त्याला दिवाळी होऊ दे म्हणत आली होती, आणि तो ते हो समजून वाट बघत आला होता. तिनं आता फक्त बरं म्हणायचं होतं. म्हैस राहिली असती, लेकराचं मन राहिलं असतं, भांडण झालं नसतं. पारावरच्या बायका किटल्या हातात धरून थांबल्या होत्या.

"विजय," आत्ती म्हणाली, "मी येणार न्हाय. दिवाळीलाबी न्हाय, पुढच्या पावसातबी न्हाय. म्हस इकणार न्हाय. मी हितंच ऱ्हाणार. तुला वाईट वाटंल म्हणून इतकी वरसं बोललो न्हाय."

मला त्याचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "बरं आई. ह्याच्यावर आपण नंतर निवांत बोलू."

"नंतर न्हाय," आत्ती म्हणाली आणि पारावर टेकून बसली. "आत्ता बोल. मी ऐकाय लागलोय."